उद्यमनगरातलं ब्रेकचं गॅरेज: आधी तपासणी, मग पार्ट

शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत ब्रेकचं काम करणारं एक छोटं गॅरेज आहे, नावाची पाटी नाही, पत्र्यावर नुसतं 'ब्रेक - क्लच - बूस्टर' असं रंगवलंय. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कोल्हापुरात जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि पॉवर ब्रेकची तक्रार घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, बूस्टर (ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा डबा) गेला, बदला. इथं तसं होत नाही. इथं आधी नक्की काय बिघडलंय ते शोधतात, ते तुम्हाला दाखवतात आणि मगच पार्टचं नाव काढतात. माझ्या मते ब्रेकच्या कामात यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

गाडी आमची मारुती एस्टीम, पेट्रोल, २००३ची, पप्पांनी नवीन घेतलेली आणि आता मी चालवते. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) वगैरे काही नाही, साधा व्हॅक्यूम बूस्टर. मी पन्हाळ्याला शाळेत सायन्स शिकवते त्यामुळं शाळा असली की सकाळी वाघबीळवरून वर आणि संध्याकाळी खाली, हे ठरलेलं. तक्रार अशी होती की ब्रेक मधेच कडक लागायचा. कायम नाही हं. गावात दसरा चौक, दाभोळकर कॉर्नर, सगळ्या सिग्नलला ब्रेक एकदम मऊ, आणि नवल म्हणजे घाट उतरताना पण मऊ, पण घाट चढताना वळणावर अचानक समोर एसटी आली आणि पटकन पाय मारला की पेडल जागचं हलायलाच तयार नाही, अर्धा-एक सेकंद नुसता दगड, मग हळूहळू खाली जाणार. आता चाळीसच्या स्पीडला एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढं जाते, आणि पन्हाळ्याच्या वळणावर ११ मीटर म्हणजे काय ते तिथं गाडी चालवलेल्या माणसाला सांगायला नको.

याआधी मी शहरातल्याच एका मोठ्या गॅरेजला दाखवली होती. तिथं मुलानं गाडी बंद करून पेडल दाबलं, कडक लागलं, झालं निदान. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा पंप) दोन्ही नवं टाकावं लागेल, मजुरी धरून नऊ हजाराच्या वर. मी सांगत होते की उताराला नाही, चढाला लागतो, तर तो म्हणाला मॅडम, ब्रेकला चढ उतार काय कळतंय. मला हे पटलं नाही. लक्षण जर ठरावीक वेळेलाच येत असेल तर त्याला ठरावीक कारण असणारच, एवढं तर आम्ही सातवीच्या पोरांना शिकवतो. पैशापेक्षा मला भीती ही होती की नऊ हजार घालून पण दुखणं तसंच राहिलं तर मी परत त्याच घाटात त्याच वळणावर असणार.

मग शाळेतल्या एका सरांनी हे उद्यमनगरचं गॅरेज सांगितलं. मिस्त्री साठीच्या आसपासचे, बोलणं मोजकं, पण पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "ताई, कडक कधी लागतोय? चढाला का उताराला?" मी चढाला म्हटल्यावर त्यांनी बॉनेट पण उघडलं नाही. "बरं मग आधी टेंबलाईला जाऊन येऊ, तुम्हीच चालवा."

टेंबलाईच्या चढाला त्यांनी मला तिसऱ्या गिअरमधे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावला आणि मागं गाडी नाही बघून म्हणाले, आता सोडा आणि लगेच ब्रेक. पेडल कडक. पुढं जाऊन वळवली, येताना उताराला गिअरमधेच ठेवून पाय काढायला सांगितला आणि ब्रेक, तर लोण्यात सुरी गेल्यासारखा. मिस्त्री बाजूला बसून फक्त मान हलवत होते. गॅरेजला येईपर्यंत काही बोलले नाहीत, पण मला वाटतं त्यांना तिथंच कळलं होतं.

ते का, हे समजायला बूस्टर कसा चालतो ते माहीत पाहिजे, आणि ते त्यांनी ज्या पद्धतीनं दाखवलं त्याला माझे पूर्ण मार्क. फळीवर एक जुना बूस्टर मधोमध कापून ठेवलाय. वरून बघितलं तर इंजिनच्या मागं बसलेला तो काळा पत्र्याचा गोल डबा, आत मधे एक मोठा रबरी पडदा, त्याला डायफ्राम म्हणतात. पडद्याच्या इंजिनकडच्या बाजूला पाइपानं इंजिनच्या इंटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिन ज्या नळ्यांतून हवा ओढतं तिथला, व्हॅक्यूम येतो. ब्रेकला पाय लावला नाही तोवर दोन्ही बाजूला सारखाच व्हॅक्यूम, पाय लावला की पेडलकडच्या बाजूला बाहेरची हवा आत घेतली जाते आणि ती हवा पडदा पुढं ढकलते. म्हणजे आपल्या पायाला मदत करते ती बाहेरची हवा, व्हॅक्यूम फक्त तिच्या वाटेतून बाजूला होतो. मी घरी येऊन आकडेमोड केली, आठ इंची पडदा धरला आणि १७ इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम धरला तर हवेचा जोर एकशे नव्वद किलोच्या आसपास येतो. एवढा जोर अचानक गायब झाला तर पेडल कडक लागणार नाही तर काय होणार.

आता चढाचं कोडं. पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमधे व्हॅक्यूम असतो तो थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप, बंद असल्यामुळं. उताराला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला, इंजिन फिरतंय, व्हॅक्यूम भरपूर. चढाला थ्रॉटल पूर्ण उघडा, व्हॅक्यूम जवळजवळ नाहीच. अशा वेळी बूस्टरमधे आधीचा साठलेला व्हॅक्यूम परत इंजिनकडं पळू नये म्हणून पाइपात एक नॉन रिटर्न व्हॉल्व असतो, हवेला एकाच दिशेनं जाऊ देणारा. तो खराब झाला की चढाला बूस्टर रिकामा होतो, आणि पाय काढून पुन्हा व्हॅक्यूम भरायला जो क्षण लागतो त्याच क्षणी तुम्ही ब्रेक मारलेला असतो! सिग्नलला सगळं छान वाटतं कारण आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, व्हॅक्यूम असतोच. हे ऐकल्यावर मला इतकं बरं वाटलं काय सांगू, माझं लक्षण खरं होतं आणि त्याला कारण होतं.

पण अंदाज बरोबर वाटला म्हणून त्यांनी पार्ट मागवला नाही, सगळं क्रमानं तपासलं, आणि प्रत्येक वेळी मला ड्रायव्हर सीटवर बसवून. "पाय तुमचा पाहिजे, रोजचा फरक तुम्हाला कळणार, मला न्हाई." या टेस्ट कुणालाही घरी करता येतात म्हणून लिहिते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-सहा वेळा दाबायचं, कडक होईपर्यंत. मग पाय दाबूनच धरायचा आणि स्टार्टर मारायचा. इंजिन चालू होताच पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर मदत करतोय, काहीच हललं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाहीये किंवा पडदा फाटलाय. आमचं गेलं, व्यवस्थित गेलं. मग इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालवून बंद केलं, थोडं थांबलो, आणि पेडल दाबलं. इथं पहिले दोन-तीन दाब तरी मऊ लागायला पाहिजेत, पहिला खोल आणि मग एकेक वर, कारण साठलेला व्हॅक्यूम असतो. आमचा पहिलाच दाब कडक. म्हणजे साठा टिकत नाही.

आधीचं गॅरेज इथंच थांबलं होतं. पण साठा पळायला दोन वाटा आहेत, व्हॉल्व नाहीतर बूस्टर स्वतः, आणि या एका टेस्टवरून दोन्हीतलं कुठलं ते कळत नाही. तर मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मला पेडल दाबून धरायला लावलं आणि स्वतः खाली वाकून पेडलजवळ कान लावला, सूं सूं असा आवाज येतोय का बघायला, आणि आयडल हलतं का ते पण. पडदा फाटला असेल तर बाहेरची हवा तिथून इंजिनात जाते आणि इंजिन थरथरतं किंवा आरपीएम वरखाली होतो. आमचं तसं काही नाही. मग क्लिपा सोडवून व्हॅक्यूम पाइप काढला, फडक्यानं पुसला, एका बाजूनं फुंकून बघितलं आणि मग माझ्या हातात दिला, "बघा तुम्ही." दोन्ही बाजूंनी फुंकर आरपार जात होती. एका बाजूनं जायलाच नको होती.

तो व्हॉल्व नंतर त्यांनी कापून दाखवला. आत रुपयाच्या नाण्याएवढी पण नाही अशी रबराची चकती, एका कडेला वळून कडक झालेली, आणि इंजिनकडच्या बाजूला काळा तेलकट थर. नखानं दाबली तर चकती वाकत नव्हती, चिरत होती. पाइप पण इंजिनच्या तोंडाशी क्लिपखाली फुगून मऊ पडलेला. वीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं रबर आहे, त्याला काय दोष देणार.

मग गेज. पाइपाच्या तोंडाला व्हॅक्यूम गेज लावला, आयडलला १७ इंच. मी विचारलं कमी नाही का, मी कुठंतरी १८ ते २१ वाचलेलं, तर म्हणाले तो समुद्रकाठचा आकडा, आपण वर आहोत. बरोबरच आहे, दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतो आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास आहे. काटा स्थिर होता म्हणजे इंजिनची तब्येत पण ठीक. आणि शेवटी, जे मी दुसरीकडं कुठंच बघितलं नाही, मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडवून, ऑइलचे पाइप न उघडता, त्याला बूस्टरपासून बोटभर पुढं सरकवलं आणि मागं बोट घालून बघितलं. कोरडं. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळायला लागलं की ब्रेक ऑइल बाहेर कुठंच दिसत नाही, सरळ बूस्टरमधे जातं आणि पडद्याचं रबर खातं, आणि लोक नुसता बूस्टर बदलतात आणि नवा पण त्याच वाटेनं जातो. रिझर्व्हॉयरमधलं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या डबीतलं, ऑइल कमी होतंय पण जमिनीवर डाग नाही, चाकाला ओल नाही, तर आधी तिथं बघायचं.

एवढं करून त्यांनी ड्रॉवरमधला एक चांगला व्हॉल्व तात्पुरता लावला आणि इंजिन चालवून बंद करून आम्ही सगळे चहाला गेलो. चांगला अर्ध्या तासानं येऊन पेडल दाबलं तर पहिला दाब मऊ, दुसरा मऊ, तिसऱ्याला चढायला लागला. म्हणजे आमचा वीस वर्षांचा बूस्टर अर्धा तास व्हॅक्यूम धरून बसला होता, ज्याला बदलायला सांगितलं होतं तोच! खरं सांगते, तेव्हा डोळ्यात पाणी आलं, पप्पांनी ही गाडी फार जपलीय.

नवा पाइप व्हॉल्वसकट मागवला, दुसऱ्या दिवशी आला. इथं एक सूचना त्यांची, काहीजण पैसे वाचवायला पेट्रोलचा साधा पाइप कापून लावतात, तसं करू नका. पेट्रोलचा पाइप आतून बाहेरच्या दाबाला बनवलेला असतो, व्हॅक्यूमनं तो आत चपटा होतो आणि मग गरम झाल्यावर ब्रेक कडक, गार झाल्यावर ठीक, असं भलतंच दुखणं लागतं जे शोधायला लई वेळ जातो.

ब्रेक ऑइल पण बदललं. बाटलीत काढलेलं बघितलं तर काढ्याच्या रंगाचं झालेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा, त्यात गगनबावड्याची बाजू वगैरे, विचारायला नको. डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवं असताना २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा १४० वर येऊ शकते, डॉट ४ चं २३० वरून १५५. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम खाली जातं. हे कडक पेडलच्या बरोबर उलटं दुखणं आणि माझ्या मते जास्त भयंकर, त्यामुळं दोन वर्षातनं एकदा ऑइल बदलाच. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ड्रममधे ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) थोडा ओला होता, त्याचं रबराचं किट टाकलं, लाइनमधली हवा काढली.

सगळं मिळून दोन हजाराच्या आत. तपासणीचे ३०० वेगळे सांगतात, काम तिथंच केलं तर बिलात धरतात. काहीजणांना तपासणीचे पैसे द्यायला जड जातं, मी म्हणेन आनंदानं द्या. जिथं तपासणी फुकट असते तिथं पार्ट विकल्याशिवाय त्यांचं भागत नाही, साधा हिशेब आहे. जुने पार्ट न मागता पिशवीत घालून दिले हे पण आवडलं.

आता न आवडलेलं. गल्ली अरुंद, दोन गाड्या आधी उभ्या असतील तर तुमची गाडी कॉर्नरलाच लावावी लागते. बसायला एक स्टूल, तेवढंच. फोन उचलत नाहीत, म्हणजे हात तेलात असतात म्हणून, पण दुरून येणाऱ्याला त्रास होतो, निदान पोरानं तरी उचलावा. पावती हातानं लिहिलेली. आणि वेळ लागतो, सकाळी टाकून दुपारी न्यायची अशी घाई असेल तर इथं जाऊ नका, मिस्त्री एका वेळी एकच गाडी घेतात आणि मला वाटतं म्हणूनच काम असं होतं. एबीएसवाल्या नव्या गाड्या घेत नाहीत, स्कॅनर नाही, ते स्वतःच स्पष्ट सांगतात.

जाताना लक्षण नीट लिहून न्या, त्याचा फार उपयोग होतो. पेडल कडक असेल तर व्हॅक्यूमची बाजू. स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमधे हवा. सिग्नलला पाय ठेवून उभं असताना पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि कुठं गळती नसेल तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंच्या चाकांकडं बघायचं, कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) जाम किंवा ब्रेकचा रबरी होज आतून सुजलेला. माझ्या आधी एक जुनी डिझेल गाडी उभी होती, तिचा ब्रेक कायमच कडक. डिझेल इंजिनाला थ्रॉटलमुळं मिळणारा व्हॅक्यूम नसतो म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो, तिथलं ऑइल सील गेलं की चार्जिंगचं आणि ब्रेकचं दुखणं बरोबरच येतं. त्या मालकानं बूस्टर आधीच एकदा बदलला होता, दुसरीकडं.

आणि एक गोष्ट मिस्त्रींनी मला दोनदा सांगितली ती तशीच सांगते. चालत्या गाडीत पेडल कडक झालं तर ब्रेक गेलेला नसतो, फक्त मदत गेलेली असते. अशा वेळी पंप मारत बसायचं नाही, उरलेला व्हॅक्यूम त्यातच संपतो, अंगातला सगळा जोर लावून, लागलं तर दोन्ही पायांनी, एकदाच दाबून धरायचं आणि गिअर खाली टाकायचा. आणि पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांनी तर हे लक्षातच ठेवावं, दोन-तीन ब्रेकनंतर तुमचा बूस्टर रिकामा असतो आणि खाली अजून अख्खा घाट शिल्लक असतो.

सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लवकर लागतो. सोमवारी बंद.